तडा गेलेलं वाण

मधुभाऊ गेल्याचा ट्रंककॉल कॉलेजच्या ऑफिसात आला तेव्हा मी बी.एस्सी.च्या पोरांना प्रत्यास्थता, म्हणजे इलॅस्टिसिटी, शिकवत होतो. शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मी खडू ठेवला, खाली गेलो, रिसीव्हर उचलला. "मधुभाऊ गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखते म्हणले, अन्…" आता जे लिहितो आहे त्याची मला लाज वाटते, पण या लेखापुरती लाज बाजूला ठेवायची असं ठरवूनच बसलो आहे. ती बातमी ऐकून मला आधी दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं. एक गोष्ट जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होती, असं मी धरून चाललो होतो, आणि त्यातला एक गेला होता. विचार क्षणभरच टिकला, पण आला खरा. नंतर आर्वीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून मी रडलो, तेही खरंच रडलो. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला.

मधुभाऊ माझ्या बायकोचे, सुमनचे, थोरले भाऊ. आर्वीला माझ्या सासऱ्यांचं कापसाचं जिनिंग होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी सासऱ्यांना मामाजी म्हणायचो. मामाजींचं सगळं पांढरंशुभ्र आणि कडक इस्त्रीचं, आणि थोरला मुलगा मात्र मॅट्रिकनंतर आयटीआय करून स्वतःच्याच जिनिंगमध्ये फिटर होऊन बसलेला. मुलगी बघायला गेलो तेव्हा फाटकात खाकी शर्टातला एक माणूस दिसला. मी त्याच्या हातात पिशवी दिली आणि रुबाबात म्हणालो, "आत नेऊन ठेव." त्याने नेऊन ठेवली. तासाभराने पोह्यांच्या वेळी तोच माणूस हात धुऊन माझ्या शेजारी येऊन बसला आणि मामाजी म्हणाले, "हा माहा मोठा मुलगा." मधुभाऊ नुसते हसले. "पिशवी जड होती बाप्पा. पुस्तकं होती का जवाईबापू?" लग्न ठरायच्या आधीच ते मला जवाईबापू म्हणाले होते.

त्या घरातली खरी मिजास मात्र एका गाडीची होती. दोन दारांची, दोनच माणसांची, उघड्या टपाची विलायती शर्यतीची गाडी. कुठल्याशा कापूस कंपनीचा गोरा मॅनेजर देश सोडून जाताना ती मामाजींना विकून गेला होता. ती जमिनीला इतकी लागून होती की गावाने तिचं नाव ठेंगणी ठेवलं. मामाजी तिच्यात बसून बाजारात जायचे तेव्हा त्यांचं डोकं बैलांच्या पोटाच्या पातळीला यायचं, पण ऐट मोटारगाड्यांच्या मिरवणुकीची. माझ्या लग्नापर्यंत ठेंगणीचं वय झालं होतं. मधुभाऊ तेवढे तिच्याखाली झोपून असायचे.

पहिल्या दिवाळसणाला त्यांनी मलाही खाली झोपवलं. नव्या कपड्यांची पर्वा न करता मी पोत्यावर आडवा झालो. मागची कमानी, म्हणजे स्प्रिंग, जिथे चासीला, गाडीच्या खालच्या सांगाड्याला, धरलेली असते तिथे त्यांनी रॉकेलचा बोळा फिरवला, थोडा वेळ थांबले, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. पाहता पाहता पांढऱ्या पुडीवर एक ओली रेघ उमटली. मग दुसरी, मग तिसरी. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. प्रत्येक रेघेच्या टोकाला त्यांनी बारीक भोक पाडलं होतं, तडा पुढे सरकू नये म्हणून. "वेल्डिंग का नाही करत?" मी प्राध्यापकी आवाजात विचारलं. "केलं ना. पट्टीबी मारली. तडा पट्टीच्या बाजूनं निंगते. लोखंड थकलं हाये, जवाईबापू. थकल्या माणसाले सदरा घालून देल्लानं का तो पयते?" त्यांचे नियम ठरलेले होते. एकट्याने बसायचं, पंचवीस मैलांच्या वर काटा न्यायचा नाही, गाव सोडायचं नाही, आणि दर अमावस्येला रॉकेल-खडू करून रेघा कुठवर आल्या ते पाहायचं. मी वर्गात धातूचा थकवा शिकवतो. त्या दिवशी मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

ऐंशी सालचा अधिक ज्येष्ठ आला. लग्नानंतरचा आमचा पहिला धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, धोंडे जेवू घालायचे आणि तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं. त्या आधी दोन दिवस मधुभाऊ मशीनचा भाग आणायला नागपूरला गेले होते. तेवढ्यात मामाजींनी पेंटर बोलावला आणि ठेंगणीला वरूनखालून लालभडक रंग मारून घेतला. त्यांच्या मनात काय होतं ते पंगतीत कळलं. चांदीच्या ताटात अनारसे, वर दिवा, आणि दिव्याशेजारी गाडीची किल्ली. "जवाईबापू, गाडी आजपासून तुमची." बायकांच्या घोळक्यातून कौतुकाचा हुंकार उठला. माझी छाती किती इंच फुगली असेल ते मला माहीत आहे. त्याच वेळी मधुभाऊ स्टँडवरून थेट आत आले. त्यांनी ताट पाहिलं, अंगणातली रंगवलेली गाडी पाहिली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाबाजी, तिच्या चासीले तडे हायेत. तुमाले माहीत हाये."

"वेल्डिंग केलं ना? मंग?" मामाजींचा आवाज खाली, पण डोळे लाल. "वाणाच्या ताटापुढं असं अभद्र बोलते काय कोणी?"

"खालूनबी रंग मारला. आता रेघ कुठवर गेली मले दिसणार नाई. जवाईबापू, आज नोका नेऊ. आठ दिवस द्या, मी रंग खरडून पायतो."

जावयाला दिलेलं वाण सदोष आहे असं भर पंगतीत, त्याच्याच तोंडावर म्हणणं… आमच्या भागातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. मी काय करायला हवं होतं? मी त्या गाडीखाली झोपून त्या तीन ओल्या रेघा माझ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण माझ्या डोक्यात एकच आलं, साळ्याचा जीव गाडीत अडकलाय, बहिणीला मिळालेली वस्तू याच्याने बघवत नाही. मी किल्ली उचलली. "आजच नेतो," म्हणालो, "आत्ताच."

सुमन ओटी घेऊन गाडीत माझ्या शेजारी बसली होती. मी इंजिन सुरू केलं तर मधुभाऊंनी तिच्या बाजूचं दार उघडलं. "सुमे, तू उतर. बसनं येजो." ती गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मागून मामाजी ओरडले, "मध्या! नाक कापतं काय माहं?" मधुभाऊंनी ऐकलं नाही. बहिणीला हाताला धरून उतरवलं आणि तिच्या जागी स्वतः बसले. मला एवढंच म्हणाले, "चाला. तुमी जाणारच, त मी येतो."

आर्वी सोडून आम्ही खरांगण्याच्या वाटेला लागलो. दुपारचं ऊन, डांबर मऊ झालेलं. मधुभाऊंचा डावा हात दाराच्या मागच्या फटीवर होता. दार आणि बॉडी यांच्यामध्ये बोटं ठेवून ते काहीतरी मोजत होते. "काय करता?" मी तिरसटून विचारलं. "आर्वीत फट सारखी होती. आता वरती कमी होऊन राह्यली. मंधातून वाकून राह्यली गाडी. हळू घ्या." ते हळू म्हणाले म्हणून मी जोरात घेतली. हे वाक्य मी नऊ वर्षं कोणापुढे बोललो नव्हतो. काटा पंचविसावरून पस्तिसावर, मग पन्नासावर. वारा कानात घुमत होता, मागून बारीक कुरकुर यायची, थांबायची, परत यायची. मी ती ऐकत होतो आणि ऐकत नसल्याचं दाखवत होतो. मधुभाऊ ओरडले नाहीत, की किल्लीला हात घातला नाही. "समोर रपटा हाये," एवढंच म्हणाले. "आताच गिअर उतरवा. रपट्यात ब्रेक नोका मारू, मागचा आधार जाईन." त्या आवाजात भीती असती तर मला कदाचित आणखी चेव चढला असता. तो आवाज फिटरने हाताखालच्या माणसाला सांगावं तसा होता आणि माझा पाय आपोआप उचलला गेला. गिअर उतरवला, पण वेग फार होता.

कोरड्या नाल्यावरच्या त्या फरशीच्या खोलगट रपट्यात गाडी उतरली आणि वर चढताना मागे काहीतरी खटकन सुटलं. मागची चाकं एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे चाललो आहोत असं वाटलं. त्याच क्षणी आडव्या पांदणीतून कडब्याने लादलेली एक बंडी रस्त्यावर आली. बंडीवर एक बाई पोराला घेऊन बसलेली. माझा पाय ब्रेककडे गेला. "ब्रेक नोका मारू! वावरात घाला!" मला काही सुचेना. मधुभाऊंनी उजव्या हाताने स्टिअरिंग धरून ओढलं. गाडी रस्त्याखाली उतरली, वखरून ठेवलेल्या काळ्या मातीत खोल खोल जात मंदावली, आणि मग बंडीचा आस मोडावा तसा आवाज करून मधोमध बसली. धूळ खाली यायला बराच वेळ लागला. बंडीवरची बाई रस्त्यावरून आमच्याकडे बघत उभी होती. पोर तिच्या कडेवर होतं.

"लागलं काय तुमाले?" मधुभाऊंनी आधी मला विचारलं. मी नाही म्हणालो. मग ते म्हणाले, "मंग या बाजूनं येऊन दार उघडा. माहा हात अडकला." रपट्यातच फट मिटली होती. त्यानंतरचं सगळं, ते सांगणं, ते स्टिअरिंग ओढणं, त्यांनी चिमटलेल्या बोटांनिशी केलं होतं. मी पहारेसारखं काहीतरी शोधून दार उचकटलं. मधल्या बोटाचं टोक राहिलं नव्हतं. आहेरातलं नवं उपरणं मी त्यांच्या हाताला गुंडाळलं. शेवटची गाठ मला जमेना, ती त्यांनीच दातांनी ओढली. मग वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून ते म्हणाले, "गाडी मी चालवत होतो. गावाभायेर मी तुमच्याकून स्टिअरिंग घेतलं. समजलं काय? जवायाच्या हातून वाण मोडलं म्हणलं त तुमच्या घरी सुमीले बोलणे बसतीन, का बापानं मोडकी गाडी देल्ली. बाबाजीले तोंड दाखवाले जागा राह्यनार नाई. मी चालवत होतो, मी मस्तीत पयवली. आत्ता काई बोलू नोका." ते "आत्ता" म्हणाले होते. मी त्या आत्ताची सोयीस्करपणे नऊ वर्षं केली.

आर्वीत गोष्ट अशी पसरली की साळ्याला जावयाची गाडी बघवली नाही, त्याने बहिणीला खाली उतरवून गाडी पळवली आणि वावरात घालून मोडली. मामाजींनी त्या दिवसापासून मधुभाऊंच्या पंगतीत जेवणं सोडलं. जिनिंगचा कारभार पुतण्याकडे गेला. मधुभाऊ होते तिथेच, मशीनपाशी, फिटरच राहिले. आणि चार वर्षांनी मामाजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मध्यानं तुमचं वाण मोडलं, जवाईबापू. बाप म्हणून मी माफी मांगतो." मधुभाऊ उशाशी पाण्याचा पेला घेऊन उभे होते. बोलायची वेळ हीच, हे मला लख्ख कळत होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या मामाजी. मी मनात ठेवलं नाही." मी क्षमा केली! मधुभाऊंनी वडिलांच्या तोंडाला पेला लावला, त्यांची हनुवटी पुसली. तिसऱ्या दिवशी मामाजी गेले, मुलावर रुष्ट होऊनच.

मधुभाऊंच्या तेरवीला कोणीतरी पंगतीत ठेंगणीची गोष्ट काढली, मेलेल्या माणसाच्या कौतुकानेच. "मधूचा स्वभाव चांगला, पण त्या एका गाडीपायी…" मी पानावरून उठलो. मागच्या पडवीत वहिनी, मधुभाऊंच्या पत्नी, एकट्या बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि जे सासऱ्यांपुढे बोलायचं होतं ते त्यांच्यापुढे बोललो. त्या रडल्या नाहीत, चकितही झाल्या नाहीत. "मले माहीत हाये," म्हणाल्या. "त्याच रातच्यानं सांगतलं होतं त्यायनं मले. अन् म्हणे, तू बोलू नोको, जवाईबापू चांगला माणूस हाये, सोता सांगतीन. तुमी दिवाळीले आले का दरसाल म्हणत, या वक्ती सांगतीन पाय." मग म्हणाल्या, "आता मले काऊन सांगून राह्यले? मले त माहीत हाये. ज्यायले माहीत नाई, त्यायले सांगा."

म्हणून हा लेख. आर्वीत जे कोणी हा वाचत असतील, त्यांना सांगतो. त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. तडे आहेत हे मधुभाऊंनी मला आधीच दाखवलं होतं. त्यांनी ठेंगणी मोडली नाही, मला आणि बंडीवरच्या त्या दोघांना वाचवलं. मामाजींना हे सांगता येणार नाही, याला आता माझ्याकडे इलाज नाही.

दर दिवाळीला जेवणं झाली की मधुभाऊ तांब्या घेऊन मोरीपाशी यायचे आणि माझ्या हातावर पाणी घालायचे. घरात गडी होते, पण हे काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. ते तुटलेलं बोट माझ्या डोळ्यांसमोर असायचं, मी नजर वळवून हात चोळायचो. पाणी घालून झालं तरी ते लगेच जायचे नाहीत. रिकामा तांब्या धरून माझ्याकडे बघत थोडा वेळ उभे राहायचे. मला वाटायचं, जावयाचा मान ठेवतायत. मी उपरण्याला हात पुसायचो आणि म्हणायचो, "झालं, मधुभाऊ." मग ते जायचे.