सात नंबरचा वाघ

हसायचं नाही हं, आधीच सांगून ठेवतो. या तोंडानं मला पुष्कळदा गोत्यात आणलंय, पण राजुऱ्याला जे झालं त्याला तोड नाही!

माझ्या भाचीला राजुऱ्याचं स्थळ आलं. पोरगा कबड्डी खेळणारा. भाचीला तो फोटोतच आवडला. बहीण म्हणाली, "दादा, तू एकडाव त्याले खेळताना पाहून ये. तू हो म्हटलं का पक्कं." फोटो मी काही पाहिला नव्हता; सात नंबरची जर्सी, एवढीच खूण. पेपरात तर त्याला 'वाघ' म्हटलं होतं. अहो, आमच्या पोंभुर्ण्यात वाघ शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेला असतो, आम्हाला काय त्याचं कौतुक!

बस उशिरा पोचली. सामना अर्धा झालेला. आणि हा सात नंबर! चढाईला गेला की पकडला, गेला की पकडला! वर त्यांचा कोच टाळ्या वाजवतोय, "शाब्बास!" शाब्बास कशाची, सांगा ना? माझं डोकंच फिरलं.

"अबे सात नंबर, घरी जाऊन झोप!" मी ओरडलो.

शेजारी बनियनवर एक पोरगा बसला होता, घोट्यावर बर्फ धरून. म्हणाला, "भाऊ, पकडला जाते, पण भेऊन मागं नाई सरून राह्यला तो. कोच तेच पाह्यते."

"तुले काय समजते बे कबड्डीतलं?"

त्यानं घोट्यावरचा बर्फ दुसऱ्या बाजूला फिरवला. मी कसला गप्प बसतोय! तेवढ्यात गावातला एक बातमीवाला माइक घेऊन आला. प्रेक्षकांचं मत पाहिजे म्हणे. मी माइक ओढूनच घेतला.

"हा वाघ? पेपरवाल्यांनी चष्मा बदलावा आणि कोचनं धंदा! मी पोरीचा मामा आहे, मुद्दाम याले पाहाले आलो. आमची पोरगी असल्याले देणार नाई!"

बातमीवाला गोंधळला. माइक शेजारच्या पोराकडे वळवून म्हणाला, "पण सात नंबर तर तुमचा ना?"

"हो जी. माझा पाय मुरगळला, मंग जर्सी बदलीवाल्याले देल्ली. टीमपाशी सातच जर्सी हायेत." आणि तो लंगडत उठला, वाकून माझ्या पाया पडला. "नमस्कार, मामाजी."

बाप्पा! धरणी दुभंगत का नाही अशा वेळी?

खिशातला फोन वाजला. बहीण! सगळं लाइव्ह चालू होतं. "दादा, काय करून ठेवलं हे? पोरगी रडून राह्यली इथी!"

मी पोराचा हात धरला. जावईबापू म्हटलं, वाघ म्हटलं, काय काय म्हटलं! तो नुसता हसला. आता पोराकडूनच नकार येणार, या धास्तीनं मी परतीच्या बसमध्ये घामाघूम. भाचीला तोंड कसं दाखवू?

घरी पोचलो, तर तिच्या होणाऱ्या सासऱ्यांचा फोन आलेला. बहिणीनं स्पीकरवर टाकला.

"बाई, आमचा होकार हाय. पोरगी पसंत हाय. फक्त आमच्या कोचनं एक विचाराले सांगितलं. नवरीले मांडवात आणाले तुमच्यापाशी बदली मामा हाय काय?"