देवीला दिलेली चिंतामणी साडी

मनोरीच्या त्या देवळात वर्षभर आलेल्या साड्यांचा जत्रेच्या दुसऱ्या दिवशी लिलाव होतो. प्रत्येक साडी देवी एक दिवस नेसते, मग तिची घडी पेटीत जाते. बोली लावायला गावातल्या कोळणी असतात, तशाच मार्वे धक्क्यावरून होडीने येणाऱ्या मालाड-बोरिवलीच्या बायकाही. कुणाला प्रसाद हवा असतो, कुणाला स्वस्तात रेशीम. दोन्ही हवं असणाऱ्या जास्त.

मी आईला घेऊन गेलो तेव्हा बहीण जाऊन वर्षही झालं नव्हतं. बोरिवलीला आमच्या इमारतीत मासे विकायला येणारी बाई मनोरीची. ही देवी पावते, असं तिने सांगितलं होतं. दोन केमोंच्या मध्ये जरा बरं वाटत होतं, तेव्हा बहिणीने स्वतः जाऊन देवीला साडी दिली.

आईला ती साडी परत हवी होती. कारण तिने होडीत एकदाच सांगितलं.

"काम झालं नाही. मग माल ठेवायचा कशाला?"

पिठात कच लागली की गिरणीवाल्याशी ती याच सुरात भांडायची.

मंडपात आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. लिलाव पुकारणारे गृहस्थ साठीचे होते आणि माइकवर खुशीत होते. आधी दोन समया गेल्या, एक घंटा गेली, मग साड्या सुरू झाल्या. बोली अडली की ते बायकांना डिवचत.

"अगो, नवऱ्याकडं काय बघतेस? त्याला नेसायचीय काय?"

बऱ्याच साड्या गेल्या. मग त्यांनी पेटीतून एक काढली.

"ही निळी. अस्सल रेशीम. बोला."

"निळी नाही, चिंतामणी," आई म्हणाली. "पदरावर पोपटी कोयऱ्या आहेत."

लोक हसले. आईने बोली लावली. समोरच्या रांगेतल्या एका कोळणीने ती वाढवली. आईने वाढवली, तिने पुन्हा वाढवली. असं तीन-चार वेळा झाल्यावर ते गृहस्थ थांबले. हातातल्या साडीकडे बघितलं, मग आईकडे.

"मावशी, घडी मी अजून उघडलीच नाय. पदर तुम्ही कधी बघितला?"

आई मांडीवरची पिशवी सारखी करायला लागली.

"साडी तुमच्याच घरची ना? दिलेली परत घेत नसतात, मावशी. देवळाचा नेम हाय."

"मी नाही दिली. मुलीने दिली."

"मग मुलीला विचारा. ती हो म्हणाली तर खुशाल न्या."

त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. ते वाट काढून देत होते.

'ती गेली' एवढंच आईला म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं, तर मंडपातल्या एकाही बाईने पुढे बोली लावली नसती. पण हे शब्द आईच्या तोंडून मी अजून ऐकले नव्हते. सोसायटीत, बँकेत, बहिणीच्या ऑफिसात ते मीच सांगितले होते. आताही सांगावेत म्हणून मी उठायला लागलो. आईने शर्ट ओढून मला खाली बसवलं.

"ती नाही म्हणेल," आई माइककडे बघत म्हणाली.

एक वार, दोन वार, तीन वार. साडी कोळणीची झाली.

पुढचा लिलाव आम्ही बघितला नाही. देवळाबाहेर चपला घालत होतो, तेवढ्यात ती कोळीण मागून आली. साडी तिने छातीशी धरली होती.

"आई, राग नका धरू हां. लेकीसाठी पायजे होती. रंग मनात भरला." मग तिने घडी थोडी सैल केली आणि आतली बाजू उलटून दाखवली. "फॉल हातानं लावलाय. तुमच्या पोरीनंच ना? काय टाके हायत बघा. मशीन झक मारेल."

तो फॉल बहिणीने हॉस्पिटलच्या बाकावर बसून लावला होता, नंबर येईपर्यंत.

आईने काठ बोटांत धरला. बघायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ धरला. त्या बाईने साडी ओढून घेतली नाही.

"घरी धुऊ नको," आई म्हणाली. "आणि घडी बदलत राहा. एकाच घडीवर ठेवलं की रेशीम विरतं."

"ठेवीन नीट. पोरीला सांगा तुमच्या, लेकीच्याच अंगावर जाणार हाय."

"सांगते," आई म्हणाली आणि काठ सोडला.