वहिनींचा डावा पाय

आधी माझी चूक सांगतो, अनुभव नंतर. उलट क्रमाने सांगितलं तर तुम्ही मला सिद्धपुरुष समजाल, आणि तसं समजणारे आमच्या घरात आधीच पुष्कळ आहेत.

माझं भोरला झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी एका देवळाच्या सभामंडपात योगासनं शिकवतो. भुतंखेतं, साक्षात्कार यातलं मला काही पटत नाही... क्लासमध्ये कोणी चक्रं वगैरे काढली की मी सरळ विषय बदलतो. शरीर म्हणजे हाडं, स्नायू आणि श्वास, एवढंच मी मानत आलो.

माझा थोरला भाऊ गुंजवण्यात भातशेती करतो. गेल्या वर्षी लावणीला मी नेहमीप्रमाणे गेलो होतो. आमच्याकडे लावणी इर्जिकीने होते – आज सगळे आमच्या खाचरात, उद्या आम्ही त्यांच्या. सकाळी निघायच्या आधी वहिनी पडवीत मला म्हणाल्या, "भाऊजी, माजा डावा पाय बधिर व्हतोय. तुमाला अंगातलं कळतं, बगा की जरा."

मी त्यांना उभं केलं आणि खाली वाकायला सांगितलं. वहिनी सहज वाकल्या. बोटं पार पायातल्या जोडव्यांना टेकली. माझ्या क्लासमधल्या निम्म्या लोकांचे हात गुडघ्याखाली जात नाहीत! मी दादाला म्हणालो, "कंबर एकदम फिट आहे. मनाचं आहे सगळं."

जन्मभर वाकून रोपं लावणारी बाई वाकणारच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पायाला तर मी हातही लावला नाही.

खाचरात सगळे एका ओळीत, मागे मागे सरकत लावत होते. वहिनी सारख्या उभ्या राहायच्या, कमरेवर हात ठेवून. ओळ अडायची. शेजारच्या पारूआत्या म्हणाल्या, "का गं, पाहुन्यांची वाट बगतीस व्हय?" सगळे हसले. आणि मी सर्वांना ऐकू जाईल असं बोललो, "वहिनी, मी रोज एका पायावर भार टाकून उभा असतो, मला काही होत नाही. आळसाला औषध नसतं."

कोणी हसलं नाही. वहिनी पुन्हा वाकल्या, आणि संध्याकाळपर्यंत उभ्या राहिल्या नाहीत. मी त्याच संध्याकाळी खाचरातूनच भोरला परतलो.

आता अनुभव.

ज्यांच्याकडे मी शिकलो ते सर उभ्या आसनांवर फार भर द्यायचे. आसनात अगदी सावकाश जायचं, थांबायचं आणि लक्ष अंगभर फिरवायचं – टाच, पावलाची बाहेरची कड, गुडघ्यामागची खळगी, बरगड्या, मान. "शेवटी फिरवणं सोडून द्यायचं," ते म्हणायचे. "सगळं अंग एकदम कळलं पाहिजे." मला ते कधी जमलं नव्हतं. टाच कळली की खांदा निसटायचा.

लावणीनंतर काही आठवड्यांची गोष्ट. पाऊस जोराचा, क्लासला कोणीच आलं नव्हतं. मी एकटाच वीरभद्रासनात उभा राहिलो – पाय लांब फाकवलेले, डावा गुडघा वाकवलेला, हात दोन्ही बाजूंना ताणलेले. डोळे मिटले. मांडी भरून आली, थरथरली, मग शांत झाली. आणि मी काहीही न करता सगळं अंग एकदम जाणवलं. तळव्यापासून टाळूपर्यंत कुठेही फट नव्हती. घागर काठोकाठ भरावी तसं. किती वेळ गेला माहीत नाही. इतकं भरलेलं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग लक्षात आलं, हे अंग माझं नाही.

जमीन नेहमीपेक्षा जवळ होती. मनगटांवर बांगड्यांचं वजन होतं. उजव्या पायात, अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडवं रुतत होतं. आणि डावा पाय... घोट्याखाली नव्हताच. मी डोळे उघडले. पाऊल होतं, सगळा भार त्याच्यावर होता. डोळे मिटले की नाही. त्या पायाच्या बोटात जोडवंही नव्हतं. कसं कळलं विचारू नका. पाऊल नसताना जोडवं नाही हे कसं कळावं? पण कळलं. आणि हे अंग कोणाचं, ते विचारावंच लागलं नाही.

भीती वाटली नाही. गाभाऱ्यात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो तसं आतून झालं. आसन सोडलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दादाला फोन लावून वहिनींच्या पायाचं विचारलं. तो म्हणाला, "कुठं काय, हाय की घरात. तुजं ते मनाचं आजून चालूच हाय." माझाच शब्द त्याने मला परत दिला.

मी मोटारसायकल काढली. नसरापूर, मार्गासनी, साखर... रस्ताभर स्वतःला वेड्यात काढत होतो. वहिनी पडवीत पाय लुगड्याखाली घेऊन वाल निवडत होत्या. दादा गोठ्यात होता.

"वहिनी, डाव्या पायातलं जोडवं कुठंय?"

त्यांचा हात सुपातच थांबला. "तुमाला कोनी सांगितलं? म्या तर ह्यांनाबी न्हाई बोलले."

त्यांनी पाय पुढे केला. बोटाला जोडव्याच्या जागी पांढरा दोरा गुंडाळला होता.

"त्या दिशी चिखलात पडलं. कवा पडलं त्येबी न्हाई कळलं... बोटंच लागत न्हाईत मला. जोडवं हरवलं म्हनल्यावर लोकं काय म्हनतील, म्हनून गप ऱ्हायले."

मी पायाला हात लावला. पाऊल वर उचलायला सांगितलं. त्यांनी जोर लावला, दात आवळले. पाऊल हललं नाही.

दुसऱ्याच दिवशी पुण्याला नेलं. कमरेतली नस दाबली गेली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर पाय गेलाच होता. ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात राहिलो, औषधं आणली, डबे पोचवले. सगळं केलं, फक्त एक वाक्य बोललो नाही. आणि दादा येईल त्याला सांगायचा, "आमच्या सुदामला भोरात बसून कळलं. केवडी साधना म्हनायची!" मी ते ऐकून खाली बघत चहा प्यायचो. कधी खोडलं नाही.

स्पष्टीकरण मी खूप शोधलं. जोडवं नसल्याचं आधी नजरेला पडलं असेल म्हणावं, तर वाकल्यावर वहिनींची बोटं दोन्ही जोडव्यांना टेकलेली मी पाहिली होती, आणि ते पडलं नंतर. डॉक्टरांना विचारलं, ते नुसते हसले. त्यानंतर रोज तसाच उभा राहतो. अंग कधी कधी भरून येतं, पण ते माझंच असतं. ज्यांचं तोंडाने सांगितलेलं मी ऐकलं नाही, त्यांचा पाय माझ्यापर्यंत कसा आला, मला आजही कळलेलं नाही.

यंदा इर्जिकीचे दिवस ठरवायला सगळे आमच्या पडवीत जमले. वहिनी आता चालतात. बोटांत जाणीव मात्र अजून पुरती आलेली नाही. त्या खुर्चीवर बसल्या होत्या. पारूआत्या म्हणाल्या, "महाराज, आमच्या गुडघ्याचंबी बगा की भोरातनं. हितं यायचा तरास कशाला घेता?"

सगळे हसले. दादाही हसला, कौतुकाने. मी उठलो आणि वहिनींसमोर खाली बसलो.

"आत्या, मला काही कळत नाही," मी म्हणालो. "वहिनी, तुम्ही पाय बधिर होतोय म्हणालात आणि मी तुम्हाला वाकायला लावलं. मनाचं आहे म्हणून दादाला सांगितलं, म्हणून तो तुमचं ऐकेना. या सगळ्यांसमोर तुम्हाला आळशी म्हणालो, म्हणून तुम्ही पुन्हा उभ्या राहिला नाहीत. पाय माझ्यामुळे वाचला नाही, माझ्यामुळे जात होता. माझं चुकलं. मला माफ करा."