पायऱ्यांचे गुण

गणित शिकवणाऱ्यांनो, आज फार खचलोय.

सकाळी आमच्या वैष्णवीची आई भाजीची पाटी बाजारात सोडून शाळेत आली. हातात पोरीच्या दहावीच्या गणिताच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स होती. "सर, उत्तरं तं बराबर हायेत. मंग पोरगी नापास कावून झाली?"

प्रत्येक गणिताखाली नुसतं शेवटचं उत्तर होतं. पायऱ्यांचे गुण गेले होते. शेवटच्या पानावर मात्र सगळ्या पायऱ्या होत्या, अचूक. पण रेघ मारून खोडलेल्या! खोडलेलं कोण तपासतो?

"कच्चं काम मागच्या पानावर करा आणि खोडून टाका, पेपर स्वच्छ दिसला पाहिजे," असं वर्षभर मीच ओरडत होतो. आता तिच्या आईला कोणत्या तोंडानं सांगू?

जाताना ती म्हणाली, "तिले तुमीच समजावा, सर. ते तुमचंच आयकते."