मधलं नाव

नोएडातल्या आमच्या कंपनीला लष्करी रुग्णालयाचं काम मिळालं, तेव्हा मालकांनी अख्ख्या ऑफिसला बर्फी वाटली. सीमेवरून जखमी जवान दिल्लीत येत होते आणि त्यांच्या उपचारांची नोंद कम्प्युटरवर चढवायची होती. तिकडे जवानांचे पाय जात होते आणि आम्ही बर्फी खात होतो.

स्क्रीनवर दोनच चौकटी होत्या, नाव आणि आडनाव. मी मालकांना म्हटलं, "सर, हमारे यहाँ दादा का नाम पोतों को देते हैं. बीच में बाप का नाम नहीं डाला तो चचेरे भाई एक हो जाएँगे."

"यार, बाप का नाम किसको चाहिए?" ते म्हणाले आणि सगळे खो खो हसले.

व्हायचं तेच झालं. साताऱ्याकडचे दोन चुलत भाऊ, दोघांनाही आजोबांचं नाव, एकाच गाडीतून आले. धाकटा वाटेतच गेला. त्याच्या चिठ्ठीवरचा नंबर रक्तानं पुसला होता, म्हणून नावावरून शोधलं आणि मृत्यू थोरल्याच्या जुन्या नोंदीवर चढला; तो पूर्वी एकदा इथंच उपचार घेऊन गेला होता. मृताची नोंद आमच्याकडे लगेच कुलूपबंद व्हायची. या कुलपाचा मालकांना कोण अभिमान! पासवर्ड फक्त त्यांच्याजवळ.

थोरला जिवंत होता, पायात छर्रे घेऊन पडला होता. रुग्णालयानं त्याला नवा नंबर दिला, नवी कोरी नोंद उघडली. तिथल्या लोकांना सिस्टिम शिकवायला मी वॉर्डातच बसायचे. मराठी म्हणून त्याची बायको माझ्याजवळ यायची. ती त्याला घरचं पिठलं भरवायची आणि तो तिखट कमी पडलं म्हणून कुरकुरायचा.

मग जखम चिघळली, ताप चढला, त्याची शुद्ध गेली. डॉक्टरांनी पेनिसिलिन सांगितलं. ती धावत माझ्याकडे आली. "ताई, ह्यांना ते चालत नाही. मागं इथंच घसा सुजून जीव जायची वेळ आली होती. सांगा ना डॉक्टरांना!"

मी सांगितलं. डॉक्टरांनी स्क्रीन पाहिली. "कम्प्युटर में तो कुछ नहीं है. गाँव के लोग हर चीज़ को एलर्जी बोलते हैं."

"पुराने रेकॉर्ड में है, सर. वो बंद है."

"तो खुलवाइए."

मी मालकांना फोन लावला. मयूर विहारच्या नव्या फ्लॅटची पूजा चालली होती. "मंडे को देखेंगे, यार," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी परत येईपर्यंत इंजेक्शन दिलं गेलं होतं. संध्याकाळच्या आत तो गेला.

सोमवारी मालकांनी दोन्ही नोंदी पाहिल्या. "एक ही आदमी है, दोनों में डेड. मर्ज कर दो. खोलना ही नहीं पड़ा, देखा?" त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. अजूनही वाटतो.

दोन्ही नोंदी एक झाल्या आणि मृत्यूची जुनी, धाकट्याची तारीख कायम राहिली. मृत्यूचा दाखला घेऊन थोरल्याची बायको माझ्यासमोर उभी राहिली.

"ताई, ही तारीख चुकलीय," ती म्हणाली. "त्यानंतर ते माझ्या हातनं जेवलेत."