निळ्या फुलांचं भांडं

मी चौथी नापास. लिहायला बसलोय ते बायको गेली म्हणून. घरात तिच्यासारखं बोलायला कुणी नाही, आणि ही गोष्ट तीच माझ्यापेक्षा बरी सांगायची.

कतारला दुखानमध्ये मी तेल कंपनीच्या साहेबाची गाडी चालवायचो. आम्ही ड्रायव्हर सगळे बिनबायकांचे गडी. एका वर्षी रत्नागिरीचा एक क्लार्क बायकापोरांना घेऊन रजेवर गेला आणि त्याची खोली मला देऊन गेला. मग मी हिला दोन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. साहेब भला होता, शुक्रवारी गाडी द्यायचा.

पहिल्या शुक्रवारी तिला दोह्याच्या मोठ्या इमारती दाखवल्या. ती म्हणाली, "इमारती काय बघायच्या? माणसं राहतात ती गावं दाखवा." मग अल वक्रा दाखवलं. तिथं ती होड्या आणि जाळी बघत बसली. जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याला मराठीतनं सांगितलं, "गाठ ढिली पडली बघा." त्यानं गाठ परत मारली.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी उत्तरेकडच्या एका कोळ्यांच्या गावाला निघालो. गाव चार हातांवर असताना गाडी वाळूत रुतली. गडी माणसं ढकलायला आली. एक म्हातारी, नाकावर टोकदार काळा मुखवटा घातलेली, हिला हाताला धरून घरात घेऊन गेली. मी बाहेर तिच्या नवऱ्याबरोबर कॉफी पीत बसलो. तासाभरानं ही बाहेर आली ती हातात भांडं घेऊनच. पांढरं, पत्र्याचं, वर निळी फुलं. आत मासे घातलेला भात.

भात चांगला होता. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "येत्या शुक्रवारी भांडं देऊन येऊ."

"रिकामं? तुमच्या आईनं काही शिकवलं का नाही? भरून आलेलं भांडं रिकामं परत करतात होय?"

गावाकडनं आणलेले शेंगदाणे आणि गूळ होता. लाडू वळले. म्हातारीनं एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आत गेली आणि तेच भांडं खजुरानं भरून घेऊन आली. पुढच्या खेपेला आम्ही थालीपीठं नेली, तर सुकी मासळी मिळाली. म्हातारीलाही तिच्या आईनं तेच शिकवलं असणार. भांडं काही तिच्या घरी थांबेना.

मला मजा वाटायची. वाटेतली सगळी गावं ओळखीची झाली. एका गावातला दुकानदार तर गाडी दिसली की भांड्यावरचं झाकण उचलूनच बघायचा. हिला मात्र घोर लागला. व्हिसा संपत आला होता. "दुसऱ्याचं भांडं घेऊन मी विमानात बसणार नाही. घेतलेलं घरात ठेवून निघून गेली म्हणेल ती."

"म्हणू दे. ती कुठं तुझ्या गावाला येणार आहे?"

"म्हणूनच."

शेवटच्या शुक्रवारी हिनं पुरणपोळ्या केल्या आणि बेत सांगितला. "तुम्ही इंजिन बंद करायचं नाही. मी भांडं उंबऱ्यावर ठेवते, हात जोडते आणि पळत येते."

तसंच केलं. लुगडं सावरत पळत आली, धपकन बसली, म्हणाली, "यल्ला!" मी एवढ्या जोरात गाडी काढली की मागची चाकं सरळ वाळूत. अख्खी नोकरी वाळूवर गाडी हाकण्यात गेली, आणि नेमकी त्या दिवशी परत रुतली.

गडी माणसं हसत हसत ढकलायला आली. त्यांच्या मागनं म्हातारी, भांडं घेऊन. पोळ्या काढून घेतल्या होत्या आणि खजूर भरले होते. हिनं आकाशाकडं बोट दाखवलं, हातानं विमान उडवून दाखवलं, "खलास, खलास" म्हणाली. म्हातारीला सगळं समजलं. तिनं खिडकीतनं भांडं हिच्या मांडीवर ठेवलं, वर हात दाबून धरला आणि मान हलवली. हे आता तुझंच.

ही दुखानपर्यंत भांडं मांडीवर धरून बसली. मग म्हणाली, "हारले बघा मी." आणि खजूर खाल्ला.

ते भांडं तिच्याबरोबर गावाला आलं. तिनं ते कधी रिकामं ठेवलं नाही. निदान गुळाचा खडा तरी असायचाच. आता तो मी ठेवतो. सून म्हणते, "मामंजी, मुंग्या होतात."

होऊ देत. मुंग्या खातात, मी परत भरतो.