गवतबाय आणि अकरा लेंड्या

गवतबायनं माणसाला 'कसा आहेस' असं कधी विचारलं नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती?" बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तिनं एकदा तो भर गर्दीत विचारला आणि मी छाती फुगवून म्हणालो, "एकशे ऐंशी!" सातव्या मजल्यावरच्या शहासाहेबांना वाटलं माझं ब्लडप्रेशर. "अरे बापरे, आप बैठो पहले," म्हणत त्यांनी मला दंडाला धरून घरी पोचवलं. आम्ही सशाच्या लेंड्यांबद्दल बोलतोय हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

ससा माझ्या लेकीचा. नोकरीसाठी बंगळूरला जाताना तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला. "बाबा, सुलतानला काही होऊ देऊ नका हं." मी म्हणालो, "अगं, घोडबंदरला नुसत्या खोकल्यानं बिबट्या पळवलाय मी. ससा म्हणजे काय!" ती गेली, आणि मांडीवरच्या त्या दोन किलोच्या कापसाला धक्का लागेल म्हणून मी तासभर मांडीसुद्धा हलवली नाही. बिबट्या निदान गुरगुरतो. ससा दुखलं तरी बोलत नाही आणि मरायला टेकला तरी बोलत नाही.

गवतबाय उत्तनची. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात क्रूस, दर बुधवारी सशासाठी डोक्यावर सुक्या गवताचा भारा घेऊन येणारी. ती उतरली की बस टुणकन वीतभर वर यायची, हे मी स्वतः पाहिलंय. तिच्या बापानं परसात ससे पाळले होते, त्यामुळे गुडघ्याएवढी असल्यापासून ती सशांत वाढलेली. "सशाचा पोट म्हनजे गिरण हाय," ती सांगायची. "दाना पडत राहिला तर चालते. थांबली का आत वारा भरला. वारा भरला का ससा गेला." म्हणून दिवसरात्र त्याच्यापुढे गवत हवं. प्रत्येक मूठ ती नाकाशी धरायची आणि जरा कुबट वास आला तर खिडकीबाहेर.

फळाबाबत तिचा कायदा होता, करंगळीच्या नखाएवढं. "तुझी करंगळी न्हाय, माझी." कारण माझं नख, माझ्या सगळ्याच गोष्टींसारखं, गरजेपेक्षा मोठं. नवा पाला द्यायचा तर आधी एक पान आणि मग दोन दिवस थांबायचं. केस गळायचे दिवस आले की ती ओल्या तळव्यानं सुलतानला तासभर चोळत बसे. चाटून चाटून केस पोटात जातात आणि गिरणीत बोळा बसतो म्हणून.

आणि रोज सकाळी फोन. "किती?"

आता माझी जीभ ही अशी. तीन पाहुणे आले तर मी तेरा सांगतो. खाली वाकून मोजायचा कंटाळा, त्यात बायको माहेरी. एके दिवशी सुलताननं माझ्या ताटातलं केळं असं काही मागितलं की मी अख्खं दिलं, वर खारी. आपल्याकडे दारचा भिकारीही उपाशी जात नाही, हा तर घरचा! दुसऱ्या दिवशी सकाळी बायनं विचारलं, "किती?" मी लेंड्यांच्या ट्रेकडे न बघताच म्हणालो, "दोनशे! मोजता मोजता दमलो, बाय."

तिनं फोन ठेवला. तासाभरात दारात उभी. वार बुधवार नाही आणि डोक्यावर भाराही नाही.

"दोनशे गवत खाऊन होतात, पोरा. माझा भारा अजून दोरीत बांधलेला हाय का न्हाय?"

होता. ती ट्रेपाशी बसली. अकरा. मिऱ्याएवढ्या, केसांत ओवलेल्या. सुलतान कोपऱ्यात पाठीची कमान करून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजत होते. पोटाला हात लावला तर ढोलकीसारखं ताठ. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत बघू या का?"

"संध्याकाळी ससा नसेल. उठ!"

हाटकेशला जनावरांचे डॉक्टर. रिक्षात तिनं सुलतानची टोपली छातीशी धरलेली आणि मी तिचा पदर. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून खाल्लं नाही? काय दिलं होतं?" मी सुरुवात केली, "डॉक्टर, काय सांगू, आमचा सुलतान म्हणजे..."

"पोरा," गवतबाय हळू म्हणाली, "लेंडी खोटा बोलत न्हाय. आज तू पन नको बोलू."

जन्मात पहिल्यांदा मी मोजून बोललो. "काल रात्रीपासून काही नाही. अख्खं केळं. दोन खारी. लेंड्या अकरा." डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे काढला, वारा भरलाय म्हणाले, सुया टोचल्या, पाणी चढवलं. आम्ही बाकड्यावर. लेकीचा फोन दोनदा वाजला, मी उचलला नाही. भीतीनं माझ्या तोंडाला अशी कोरड पडली होती की एक साधी थापसुद्धा ओली होईना.

दुपारी टोपलीत काहीतरी टपकलं. बायनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझ्याकडे बघितलं.

"एक," मी म्हणालो. दीड म्हणायचीसुद्धा हिंमत नव्हती.

मग लेकीला फोन लावला आणि केळ्यासकट सगळं सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग तिनं रोज आकडा कळवायचा असं बजावलं.

गेल्या वर्षी बायचे गुडघे गेले. ती लेकाकडे वसईला राहायला गेली. शेवटचा भारा भाच्याच्या टेम्पोतून आणला तिनं. जाताना सुलतानच्या पोटाला कान लावून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "गिरण चालते. पन आता तू खोटा बोललास तर वलखेल कोन?"

त्या वाक्यानं मला जे भेवडावलंय, ते बिबट्याच्या बापालाही जमणार नाही. माझ्या गोष्टीतल्या त्या एका बिबट्याचे आता तीन झालेत, चौथा वाटेवर आहे. पण सकाळी गुडघे टेकून ट्रेपुढे बसलो की एकशे बेचाळीस म्हणजे एकशे बेचाळीस. परवा एकशे एक्केचाळीस भरल्या, आणि एखादी ट्रेबाहेर घरंगळल्याचा मला संशय आला. बायको म्हणाली, "अहो, एकानं काय होतंय? चहा निवतोय."

मी सोफा ओढला. एकशे बेचाळिसावी भिंतीकडेला होती. मग चहा प्यायलो.